‘नवरदेव आत आहे’ या बँडची नोंद

मुखेड,
९ सप्टेंबर २०२४

धम्मे,

नाही म्हणू नकोस. इंटरनेटवरच्या त्या ‘सर्वकोशा’त ‘मोजपट्टी’ या नावानं संपादक होऊन बसलेली बाई तूच आहेस. सगळं सांगून झाल्यावर वर ‘इतकेच.’ असं लिहिणारी दुसरी मराठवाड्यात जन्मली नाही. नांदेडच्या पॉलिटेक्निकच्या होस्टेलात तीन वर्षं तुझ्या शेजारच्या कॉटवर काढलीत मी. मेसच्या वहीतली तुझी तक्रार अजून पाठ आहे: ‘वरणात डाळ आढळली नाही. इतकेच.’

आता तू काय करून ठेवलंस ते ऐक.

गेल्या महिन्यात मी सर्वकोशावर आमच्या गावच्या ‘नवरदेव आत आहे’ या बँडची नोंद लिहिली. हा बँड अब्बांच्या ‘न्यू मकसूद ब्रास बँड’च्या पोटातच राहतो. लग्नाआधी वाजतगाजत परण्या निघतो, नवरदेव मारुतीच्या देवळात जातो आणि तो आत असेपर्यंत बँडवाले बाहेर रिकामे. त्या पंधरा-वीस मिनिटांत तिघं जण आपलं स्वतःचं वाजवतात. माझा चुलतभाऊ अमान ड्रमवर, रुद्रेश बँजोवर आणि गुरुपादप्पाकाका क्लॅरिनेटवर. साठीचे आहेत काका, पण सगळ्यात जास्त तेच उड्या मारतात. शिवाय एक गायिका. नवरदेव बाहेर आला की सगळं बंद, पुन्हा वरातीची गाणी. पोस्टर नाही, कॅसेट नाही, काही नाही. ज्याला ठाऊक तो परण्याला बाहेर थांबतो.

अब्बांना हे अजिबात आवडत नाही. दुकानामागच्या ज्या खोलीत हे तिघं सराव करतात, तिथं त्यांना आता स्टेजसाठी थर्माकोलचे महाल ठेवायचेत. म्हणाले, “ज्याचं नाव कुठंच न्हाई, त्या बँडला खोली कशाला? महालाला तरी नाव हाय.” म्हणून मी नोंद लिहिली आणि त्यांना दाखवली. अब्बांनी चष्मा पुसून दोनदा वाचली, मग बाजारात जाऊन कापडवाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवली. पानवाल्याच्या दुकानात पान उघडलं तेव्हा वर लाल चौकट: ‘ही नोंद वगळण्यासाठी प्रस्तावित आहे. विषय उल्लेखनीय असल्याचा पुरावा आढळला नाही. इतकेच. — मोजपट्टी’.

अब्बा घरी आले, जेवले नाहीत. म्हणाले, दिवाळीनंतर महाल येणार.

काढ ती चौकट. फोन केला तर उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

सादिया


लातूर,
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय सादिया,

मोजपट्टी मीच आहे. ज्या नोंदीचा निर्णय चालू आहे तिच्याबद्दल मी फोनवर बोलत नाही. फोनवर माणूस ‘बघू’ म्हणतो आणि समोरचा ‘हो’ ऐकतो. कागदावर तारीख असते.

आपली मैत्री आहे हे मी चर्चापानावर जाहीर केलं आहे. त्यामुळे शेवटची सही दुसऱ्या संपादकाची असेल. मी फक्त पुरावा तपासून मत लिहीन. मुदत ५ ऑक्टोबर.

नियम साधा आहे. ज्यांचा बँडशी संबंध नाही अशा कुणीतरी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, त्या बँडबद्दल छापलेलं असलं पाहिजे. बँड चांगला आहे की वाईट, हा प्रश्नच नाही. मी दिवसभर डाळ मिलचे काटे आणि तेल मिलचे प्रेशर गेज तपासते. गेज सुंदर आहे की नाही, हे मला कुणी विचारत नाही.

नोंदीत ‘जगातील एकमेव’ हे शब्द चार वेळा आले आहेत. ‘यांच्या संगीताने म्हशी जास्त दूध देतात’ या विधानाला स्रोत म्हणून ‘रुद्रेशची आई’ असं दिलं आहे. गायिकेच्या नावापुढे ‘गुप्त’ लिहिलं आहे. गुप्त गोष्टींची नोंद करणं हे आमचं काम नाही.

पुरावा असेल तर पाठव.

धम्मप्रिया


मुखेड,
२० सप्टेंबर २०२४

धम्मे,

पुरावा मागितलास ना? पार्सल उघडताना खाली बस.

गणपती विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी अमाननं बाजारात नुसतं सांगितलं, लातूरच्या मॅडमला कागद पाहिजेत. बस्स. तहसीलसमोर रांग लागली. आपल्याकडं माणूस जिवंत असल्याचा कागद काढतात, बँडचा का नाही निघणार? स्टॅम्पपेपरवरची सतरा प्रतिज्ञापत्रं आहेत. सरपंचांचं पत्र नीट वाच: ‘सदर बँड आमच्या ओळखीचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे. त्याच्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही.’ देवळासमोर चहाचं हॉटेल चालवणाऱ्या धुरपताबाई लिहून देतात, ‘नवरदेव आत गेला की माझ्या कपबश्या आपोआप हलतात, हे मी शपथेवर सांगते.’ नोटरीनं विचारलं, “मावशी, कपबश्या किती?” त्या म्हणाल्या, “हलायच्या आधी का नंतर?”

उन्हाळ्यात लग्न झालेल्या शिवशंकरनंही लिहून दिलंय: ‘मी नवरदेव असल्याने देवळाच्या आत होतो, त्यामुळे मला काही ऐकू आले नाही, तरी माझा पूर्ण पाठिंबा आहे.’

आणि हे बघ, छापलेलंसुद्धा आहे! तीन दैनिकांची कात्रणं: ‘नवरदेव आत आहे बँडने मुखेडकरांची मने जिंकली’. एक नाही, तीन. शिवाय पेनड्राइव्हवर लग्नाचे सात व्हिडिओ.

गुरुपादप्पाकाकांनी विचारलंय की त्यांचा जातीचा दाखला जोडायचा का.

सादिया


लातूर,
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय सादिया,

पार्सल मिळालं. सगळं वाचलं.

प्रतिज्ञापत्रं छापील मजकूर नाहीत, म्हणून बाद. शिवशंकर यांच्याच म्हणण्यानुसार ते आत होते, म्हणून दुहेरी बाद. सरपंचांच्या पत्रावरून बँड सज्जन आहे एवढंच कळतं. धुरपताबाईंचं निरीक्षण चांगलं आहे. त्यांनी मोजमाप केलं असतं तर मी त्यांना नोकरी दिली असती. काकांना सांग, दाखला जोडू नये.

तिन्ही दैनिकांतला मजकूर शब्दाला शब्द एकच आहे. ‘मंत्रमुग्ध’ हा शब्द तिन्हीकडे एकाच चुकीनं छापला आहे. म्हणजे एकच प्रेसनोट तिघांना गेली. एका कात्रणात खाली ‘अधिक माहितीसाठी’ म्हणून मोबाईल नंबरही राहून गेला आहे. तो मी होस्टेलात असताना अमानच्या नावानं जतन केला होता. बाद.

सातही व्हिडिओ पूर्ण पाहिले, साडेअकरा तास. व्हिडिओवाला नवरदेवाबरोबर देवळात जातो, त्यामुळे बँड एकदाही दिसत नाही. जो आवाज बाहेरून आत आला असेल, तो काढून त्यावर सनई चढवलेली आहे. तुमचा बँड व्हिडिओवाल्याच्या कात्रीनं सात वेळा मेला आहे. हे मी सहानुभूतीनं लिहीत आहे.

मात्र तिसऱ्या व्हिडिओत एकोणचाळिसाव्या मिनिटाला चार सेकंद मूळ आवाज राहून गेला आहे. एक मुलगी गाते. वरचा सूर घेण्याआधी ती नाकानं जोरात श्वास सोडते. आपल्या होस्टेलात सकाळी सहाला पहिल्या न्हाणीघरात अशी एक मुलगी असायची.

म्हणून नियमानं विचारावं लागतं. नोंद लिहिणाऱ्या व्यक्तीचा बँडशी संबंध आहे का? हो किंवा नाही.

धम्मप्रिया


मुखेड,
२७ सप्टेंबर २०२४

धम्मे,

हो.

बाई, चार सेकंदांत? तू माणूस आहेस की गेज?

बरं, ऐक. बँडबरोबर मी लाइटच्या गाडीवर असते, जनरेटर सांभाळते. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा तिथंच कामी आला. नवरदेव आत गेला की मी जनरेटरच्या मागं बसून माइक घेते. दिसत नाही कुणाला. अब्बा तेव्हा पलीकडं धुरपताबाईंकडं चहा पितात, तोंड फिरवून. ही पोरगी कोण, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. रुद्रेश म्हणाला, “माझी पाहुणी हाय, हिमायतनगरची. एस्टीनं येती, एस्टीनं जाती.” तेव्हापासून अब्बा दर लग्नात विचारतात, “पाहुणीला एस्टी मिळाली का?”

तू म्हणशील, वडिलांना घाबरून लपवते. गाणं म्हटल्यावर ओरडतील असं नाही गं. घाबरायचं ते त्यांच्या कानाला. चाळीस वर्षं कॉर्नेट वाजवलाय त्यांनी. पलीकडच्या गल्लीत कुणी बेसूर शिट्टी मारली तरी जेवणावरून उठतात. सातवीत पंधरा ऑगस्टला मी शाळेत गायले होते. घरी येताना सायकलवर ते एवढंच म्हणाले, “आवाज पातळ हाय, बेटा. तू लाइट सांभाळ.” चिडून नाही, अगदी मायेनं. म्हणून तर जास्त लागलं. ती खोली गेली तर अमान आणि रुद्रेश दुसरीकडं कुठंतरी बडवत बसतील. मी कुठं जाऊ? अब्बा दुपारी दुकानातून जेवायला घरी जातात तेवढा तास मी तिथं मोठ्यानं गाते. दुसरी जागाच नाही.

आता टाक बाद करून.

सादिया


लातूर,
३० सप्टेंबर २०२४

प्रिय सादिया,

आमच्याकडे असा नियम आहे की नोंद वगळण्याआधी संपादकानं स्वतः शोध घ्यावा. हा नियम सहसा कुणी पाळत नाही. मी शनिवार-रविवार पाळला.

पहिला स्रोत मिळाला. ‘दैनिक तिरूतीर’चा गेल्या मे महिन्यातला अंक, वाचनालयात. बातमी जळकोटच्या लग्नाची: ‘परण्या खोळंबला, मुहूर्त टळला’. बातमीदार मुलीकडचा पाहुणा होता आणि संतापलेला होता. तो लिहितो की ‘नवरदेव आत आहे’ असे विचित्र नाव सांगणाऱ्या एका टोळीने कर्णकर्कश गोंगाट केला, वऱ्हाडी नाचू लागले आणि नवरदेव देवळातून बाहेर येऊन नाचल्यावर नवरदेव आत आहे की बाहेर, हेच कुणाला कळेना. तुमच्यापैकी कुणाचीही ओळख नसलेल्या माणसानं मनापासून केलेली ही निंदा आहे. निर्दोष स्रोत. मी तो दोनदा वाचला.

त्या लग्नाला मी होते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या वर्षाराणीच्या भावाचं लग्न होतं. मी बाहेर, गर्दीच्या पार मागे, एकवीस मिनिटं उभी होते. माझा उजवा पाय हलत होता. हे निरीक्षण आहे, मत नाही. संपादकाचा स्वतःचा अनुभव पुरावा होत नाही, म्हणून आजवर सांगितलं नाही.

दुसऱ्या स्रोतासाठी मी लातूरच्या सगळ्या बँडवाल्यांच्या दुकानांत गेले. एकानं मला गेल्या जानेवारीत नांदेडला झालेल्या बँड मालकांच्या अधिवेशनाची स्मरणिका दिली. पान ३१ वर मकसूदचाचांचा लेख आहे, ‘सूर कुठे गेला?’ चार पानं. तुमच्या बँडचं नाव सहा वेळा. रुद्रेशच्या बँजोला ते ‘पत्र्यावरचा पाऊस’ म्हणतात, अमानला ‘दार वाजवणारा घेणेकरी’. आणि शेवटी असं लिहिलं आहे, मी जसंच्या तसं उतरवते:

‘या गोंधळात एक मुलगी गाते. ती कोण, मला माहीत नाही. तिचा सूर पक्का आहे. इतका पक्का सूर मी आमच्या उस्तादांनंतर ऐकला नाही. तिला चांगली साथ मिळो.’

आता अडचण. चाचा मोठ्या बँडचे मालक असले तरी या बँडला ते नावं ठेवतात, म्हणून मालकी आड येत नाही. हा लेख धरला तर दोन स्रोत होतात आणि नोंद राहते. लेखक गायिकेचे वडील आहेत हे छापून कुठेच आलेलं नाही. ते फक्त मला ठाऊक आहे, तुझ्या खाजगी पत्रातून. मी गप्प राहिले तर कुणाला कळणार नाही. खोली राहील, तूही लपलेली राहशील.

पण वडिलांचं मत स्वतंत्र नसतं. मी कारण लिहिलं तर नोंद जाईल. आणि ते कारण चर्चापानावर सगळ्यांना दिसेल, चाचांनाही.

तुझ्या पत्रातलं काही मी तुझ्या परवानगीशिवाय वापरणार नाही. पण गप्प राहून ‘पुरावा पुरेसा’ असंही लिहिणार नाही. तू नको म्हणालीस तर मी या नोंदीतून बाजूला होईन आणि दुसरा संपादक नोंद ठेवेल. ठरव.

धम्मप्रिया


मुखेड,
२ ऑक्टोबर २०२४

धम्मे,

त्या स्मरणिकेच्या पंचवीस प्रती आमच्या घरी आहेत. फ्रिज डोलू नये म्हणून खाली लावल्यात. घरात कुणीच उघडली नव्हती, आत नुसत्या शुभेच्छांच्या जाहिराती असतात ना. मी आणि अमाननं फ्रिज उचलला. पान ३१ काढलं. मी वाचत होते तोवर अमान फ्रिज धरून उभा होता आणि ओरडत होता, “पुरे झालं का? हात गेले माझे!” मी म्हणाले, अजून एकदा. असं नऊ वेळा झालं. दहाव्या वेळी त्यानं फ्रिज माझ्या अंगठ्यावर सोडला. तरी हसूच येत होतं.

उस्तादांनंतर! कळलं का तुला? उस्तादांनंतर!

रात्रभर विचार केला असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, पाच मिनिटंच केला. नोंद राहिली तर हे वाक्य हिमायतनगरच्या त्या पाहुणीच्या नावावर जाईल. जी नाहीच, तिच्या. मला ते माझ्या नावावर पाहिजे. खोलीचं काय व्हायचं ते होवो.

लिही. वडील आहेत म्हणून लिही. नाव पूर्ण लिही.

आज पोस्टाला सुट्टी, उद्या सकाळी स्पीड पोस्टनं पाठवते.

सादिया मकसूद


लातूर,
५ ऑक्टोबर २०२४

प्रिय सादिया,

माझं मत आज सकाळी नोंदवलं, दुपारी दुसऱ्या संपादकानं सही केली. मजकूर असा:

‘नोंद वगळावी. पहिला स्रोत ग्राह्य. दुसऱ्या स्रोताचे लेखक हे बँडच्या गायिका सादिया मकसूद यांचे वडील असल्याने त्यांच्या कानाची साक्ष स्वतंत्र धरता येत नाही. इतकेच.’

‘परण्या’ या प्रथेवरच्या नोंदीत मात्र मी एक वाक्य घातलं आहे: मुखेड-जळकोट भागात नवरदेव देवळात असताना बाहेर एक बँड स्वतःची गाणी वाजवतो, आणि त्यामुळे किमान एकदा मुहूर्त टळला आहे. एका वाक्याला एक स्रोत पुरतो. ते वाक्य कुणी काढू शकणार नाही. मी पाहीन.

अंगठ्याला बर्फ लाव.

धम्मप्रिया


मुखेड,
९ ऑक्टोबर २०२४

माननीय मोजपट्टी साहेब यांस,
मकसूद, प्रोप्रायटर, न्यू मकसूद ब्रास बँड, यांचा सलाम.

विषय: माझ्या कानाच्या बदनामीबाबत.

साहेब, आपण लिहिले की माझी साक्ष चालत नाही, कारण मुलगी माझी आहे. मला हे मान्य नाही. लेख लिहिला तेव्हा ही माझी मुलगी आहे हे मला माहीत नव्हते. माहीत असते तर मी इतके चांगले लिहिले नसते. तिच्या सातवीपासून मी तिचा आवाज पातळ म्हणत आलो आहे, विचारा तिला. म्हणजे मी तिच्या बाजूचा नाही, उलट विरुद्ध बाजूचा आहे.

चाळीस वर्षे या कानावर लोकांनी विश्वास ठेवला. आपल्यासाठी हा कान एका दिवसात घरचा झाला काय?

तरी फेरविचार व्हावा. सोबत स्मरणिकेच्या चोवीस प्रती जोडल्या आहेत. एक प्रत घरी ठेवली आहे.

आपला,
मकसूद


लातूर,
१२ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मकसूदचाचा,

सलाम. मी साहेब नाही. मी धम्मप्रिया, सादियाची होस्टेलमधली मैत्रीण. ईदला आपण डबा पाठवायचात, त्यातला अर्धा मी खात असे.

आपल्याला ठाऊक नव्हतं, हे मी पूर्णपणे मानते. आपण दुसऱ्या कुणाचे वडील असतात तर आपलं ते एक वाक्य मी कुठल्याही तज्ज्ञाच्या दहा पानांपेक्षा वर ठेवलं असतं. पण नियम माहितीबद्दल नाही, नात्याबद्दल आहे. आणि नातं आहे.

बँडशी संबंध नसलेल्या आणखी एका माणसानं काही छापलं, तर नोंद पुन्हा लिहिता येते. त्याला मुदत नाही. निंदा असली तरी चालते.

आपली,
धम्मप्रिया


मुखेड,
२१ ऑक्टोबर २०२४

धम्मे,

आधी खोलीचं सांगते. महालवाला परवा टेम्पो घेऊन आला होता, दिवाळीच्या आधीच. दोन खांब उतरवलेसुद्धा. अब्बा तुझं पत्र हातात घेऊन बाहेर आले. म्हणाले, “ने परत. जागा न्हाई.” तो म्हणाला, “चाचा, तुमीच तर बोलावलं.” अब्बा म्हणाले, “ते नाव नव्हतं तवाचं. आता नाव निघून गेलंय, ते परत आणायचं हाय. दुसऱ्या गावातल्या माणसानं पेपरात छापल्याबिगर या पोरांला मी बाहेर सोडत न्हाई. शिव्या छापल्या तरी चालतील, मॅडमनं लिहून दिलंय.” महालवाला दोन खांब विसरून गेला. रुद्रेशनं त्यांना आरसा टांगलाय.

मला ते अजून एका शब्दानंही रागावले नाहीत. पाच ऑक्टोबरला पानवाल्यानंच त्यांना तुझा निर्णय वाचून दाखवला. ते घरी आले आणि फ्रिजसमोर बराच वेळ उभे राहिले. मला म्हणाले, “पाहुणीला एस्टी मिळाली का?” मी म्हणाले, “हाव.” एवढंच. मग तुला पत्र लिहायला बसले, ते मला तीन वेळा वाचून दाखवलं. ‘विरुद्ध बाजूचा’वर त्यांचा फार जीव आहे.

पण खोलीत आता खुर्ची टाकून बसतात, रोज. आजपर्यंत एक गाणं शेवटापर्यंत जाऊ दिलेलं नाही. अमानचा ड्रम अर्धा झाकायला लावला. गुरुपादप्पाकाकांना उड्या मारायची बंदी घातली होती, ती काकांनी मानली नाही, मग उठवली. मला जनरेटरमागं बसू देत नाहीत. माझ्यासमोर, दोन हातांवर, डोळे मिटून बसतात. अशा माणसासमोर गाऊन बघ तू एकदा.

काल तिसरी ओळ घेतली आणि त्यांनी हात वर केला.

“थांब. घसरली.”

मी पुन्हा घेतली.

“परत घसरली.”

मी म्हणाले, “अब्बा, तुम्ही तर छापलंय, पक्का सूर म्हणून. आख्ख्या नांदेड जिल्ह्यानं वाचलं.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“छापलं तवा तू परायी होतीस,” म्हणाले. “आता घरची हायस. घे पुन्हा.”

सादिया